पोर उशिरा चालेल, असे म्हणण्यापूर्वी

२०२५ ची दिवाळी नुकतीच झाली होती. माझ्या जुन्या ओळखीचे एक शेतकरी दवाखान्यात आले. त्यांचा नंबर लागला तरी ते मागच्या रुग्णांना पुढे जाऊ देत बसून राहिले. गर्दी ओसरल्यावर आत आले, खिशातून वर्तमानपत्राचे घडी घातलेले कात्रण काढले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एवढा हिशोब करून द्या."

बातमी एका औषधाची होती. सहा लाखांची बाटली आता सोळा हजारांच्या आत मिळणार, अशी. औषधाचे नाव रिसडिप्लाम. ज्या आजारावर ते दिले जाते त्याचे नाव स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी. आम्ही डॉक्टर मंडळी त्याला नुसते 'एसएमए' म्हणतो. या गृहस्थांच्या मुलाला तो आजार आहे. मुलगा आता बावीस वर्षांचा आहे. त्याची आणि घरच्यांची परवानगी घेऊनच हे लिहीत आहे, तरी ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव देत नाही.

हिशोबाकडे नंतर वळू. आधी माझी एक चूक सांगतो.

२००४ सालची गोष्ट. लोणखेड्यात दवाखाना घालून मला सहा वर्षे झाली होती. या मुलाला घेऊन त्याची आई आणि आजी आल्या. मूल चौदा महिन्यांचे, गुटगुटीत, चेहऱ्याने तरतरीत. आजी म्हणाली, "आमना पोऱ्या अजून उभा काब्रं ऱ्हास नही?" मूल बसत होते, पण बसवावे लागत होते. स्टेथोस्कोप पकडायला त्याने हात पुढे केला तेव्हा बोटे बारीक थरथरत होती. ते मी पाहिले, आणि थंडीचे दिवस आहेत म्हणून सोडून दिले! "काही मुले उशिरा चालतात, वडिलांवर गेला असेल," असे सांगून कॅल्शियम आणि बी कॉम्प्लेक्सचे सिरप लिहून दिले. तीन महिन्यांनी ते परत आले, तेव्हा सिरपची कंपनी बदलली. गुडघ्यावर ठोकून पाहायची लहान रबरी हातोडी माझ्या टेबलाच्या खणात होती. तो खण मी उघडला नाही.

मध्यंतरी घरच्यांनी मालिशवाला केला, एका भगताकडून पाठीवर डाग देऊन घेतले. त्या डागांचे दोन गोल व्रण आजही त्याच्या पाठीवर आहेत. नऊ महिन्यांनी धुळ्याच्या एका बालरोगतज्ज्ञांनी त्याला टेबलावर निजवले, तोंड उघडून जीभ शांत असताना पाहिली. जिभेच्या पृष्ठभागावर गांडुळे वळवळावीत तशी बारीक हालचाल चालू होती. गुडघ्यावर हातोडी मारली तर पाय उडत नव्हता. रक्त तपासणीसाठी मुंबईला गेले आणि निदान पक्के झाले.

आता तुम्ही म्हणाल, त्या काळी या आजारावर औषधच नव्हते, मग नऊ महिने उशीर झाला म्हणून काय बिघडले? माझी समजूत मीही काही दिवस अशीच घातली. पण त्या नऊ महिन्यांत मुलाच्या आईला पुन्हा दिवस गेले होते. होणाऱ्या प्रत्येक मुलाला हाच आजार होण्याची शक्यता चारात एक होती, आणि ते तिला कोणी सांगितले नव्हते. सांगायला हवे होते ते मी.

हा आजार नेमका काय आहे, ते थोडे समजून घेऊ. लोक याला पाठीच्या कण्याचा आजार म्हणतात. ते अर्धेच बरोबर आहे. बिघाड मणक्यांच्या हाडात नसतो. मणक्यांच्या पोकळीतून जो मज्जारज्जू जातो, त्यात स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी असतात, त्या एकेक करून मरतात. शेतकऱ्याला कळेल असे सांगायचे तर बोअरवरची मोटार चांगली आहे, विहिरीत पाणी आहे, पण स्टार्टरपासून मोटारीकडे जाणारी वायर उंदराने खाल्ली आहे. मोटार फिरत नाही आणि न फिरल्यामुळे पुढे जाम होते. स्नायूंचे तसेच होते, ते वाळत जातात. हाडाचा कणा वाकतो तो नंतर, त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारे स्नायू दुबळे झाल्यामुळे. बुद्धीला मात्र काही होत नाही. ही मुले बहुधा चांगलीच हुशार असतात. स्पर्श कळतो, ऐकू येते, सगळे समजते. त्यामुळे आपल्याबद्दल नातेवाईक समोर बसून काय बोलतात, तेही समजते.

व्हिएन्नाचे वेर्डनिग आणि जर्मनीतील हॉफमन या दोन डॉक्टरांनी १८९० च्या दशकात या आजाराचे पहिले वर्णन केले. कारण सापडायला पुढे शंभर वर्षे लागली. १९९५ साली फ्रान्समधील संशोधकांनी पाचव्या गुणसूत्रावरचे सदोष जनुक शोधून काढले. या पेशी जगण्यासाठी एक प्रथिन लागते, ते प्रथिन करणारे हे जनुक. निसर्गाने जवळच त्याची एक राखीव प्रतही ठेवली आहे, पण ती अपुरे काम करते. लोडशेडिंगमध्ये लावलेल्या जुन्या इन्व्हर्टरसारखी. कोणाकडे अशा राखीव प्रती जास्त असतात, कोणाकडे कमी, आणि आजार किती तीव्र होणार हे बरेचसे त्यावर ठरते. सर्वांत तीव्र प्रकार सहा महिन्यांच्या आत दिसतो. ते मूल कधी बसू शकत नाही, आणि उपचार नसेल तर बहुतेक वेळा दुसरा वाढदिवस पाहत नाही. दुसऱ्या प्रकारात मूल बसते पण चालत नाही. आपला मुलगा यातला. तिसऱ्यात मूल चालू लागते आणि पुढे जिने चढताना, खालून उठताना अडखळू लागते.

साधारण दहा हजार जन्मांमागे एका बाळाला हा आजार असतो. आजार म्हणून तो दुर्मिळ, पण त्याचे वाहक दुर्मिळ नाहीत. पन्नास माणसांत एखादा वाहक सहज निघतो, आणि त्याला स्वतःला काहीही त्रास नसतो. आपल्या जिल्ह्यातील वाचकांना हे समजावणे सोपे आहे, कारण सिकलसेलमुळे 'एएस' आणि 'एसएस' हे शब्द पाड्यापाड्यावर माहीत झाले आहेत. रीत तीच. आई वाहक आणि वडीलही वाहक असतील तरच मूल आजारी होऊ शकते. दोघांकडून निम्मे निम्मे येते.

हे मी मुद्दाम सांगतो, कारण या मुलाच्या आईला त्या काळी फार ऐकावे लागले. ग्रहणात सुरी धरली होती, सातव्या महिन्यात उसाच्या मोळ्या उचलल्या, माहेरचा दोष आहे, एक ना दोन. मुलाच्या वडिलांसाठी दुसरी मुलगी पाहण्याची बोलणीही सुरू झाली होती. मी घरी जाऊन सर्वांना बसवले आणि कागदावर चार चौकोन काढून दाखवले. सासरे बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे आमच्याकडूनही आले?" हो, आले. पुढे दुसऱ्या लग्नाची भाषा बंद झाली. ती माझ्या कागदामुळे झाली की मुलाच्या वडिलांनी ठामपणे नकार दिल्यामुळे, हे मी सांगू शकणार नाही. वडिलांचा भाग मोठा असावा.

नात्यात लग्न झाले की वाहक वाहकाला भेटण्याची शक्यता वाढते, हे खरे. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न ही जुनी रीत आहे. पण नात्याबाहेरच्या जोडप्यांतही हा आजार दिसतो, तेव्हा "आमच्याकडे नात्यात करत नाहीत" म्हणून कोणी निर्धास्त राहू नये.

उपचारांबाबत गेल्या दहा वर्षांत जे घडले, ते मी माझ्या हयातीत घडेल असे मानले नव्हते. २०१६ च्या अखेरीस अमेरिकेत पहिले औषध मंजूर झाले. ते पाठीच्या मणक्यात सुई घालून पुन्हा पुन्हा द्यावे लागते. २०१९ साली जनुकाचीच चांगली प्रत शरीरात सोडणारे, एकदाच द्यायचे इंजेक्शन आले. सोळा कोटींचे इंजेक्शन म्हणून तुम्ही ज्याबद्दल वाचले असेल, ते हेच. मुंबईतील एका पाच महिन्यांच्या मुलीसाठी लोकांनी वर्गणी करून पैसे उभे केले, केंद्र सरकारने सुमारे सहा कोटींचे कर माफ केले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिला ते इंजेक्शन मिळाले. त्याच वर्षी जूनमध्ये पिंपरी-चिंचवडकडच्या एका बाळालाही ते मिळाले. दीड-दोन महिन्यांनी ते बाळ दगावले. या दोन्ही बातम्या सर्वांनी वाचल्या. पण इंजेक्शन मेलेल्या पेशी परत आणत नाही, ज्या शिल्लक असतील त्या वाचवते, हे किती जणांच्या ध्यानात राहिले? औषध लक्षणे दिसण्याआधी किंवा दिसू लागताच मिळाले, तर काही मुले बसतात, काही चालतातही. म्हणून आजार पहिल्यांदा कोणाच्या नजरेला पडतो याला एवढे महत्त्व आहे. आणि मूल पहिल्यांदा येते ते मुंबईच्या तज्ज्ञाकडे येत नाही. ते माझ्यासारख्याकडे, सर्दी-खोकल्याच्या रांगेत बसून येते.

त्यामुळे आया आणि आज्यांना माझे सांगणे आहे. चार महिन्यांचे बाळ मान धरत नसेल, नऊ महिन्यांचे मूल आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल, तर "होईल हळूहळू" असे आम्ही डॉक्टरांनी म्हटले तरी ऐकून घेऊ नका. काखेत हात घालून उचलले की बाळ हातातून निसटते आहे असे वाटणे, पाय बेडकासारखे बाहेर पडलेले राहणे, रडण्याचा आवाज क्षीण असणे, श्वास घेताना छाती आत आणि पोट बाहेर जाणे, आणि हे सगळे असताना चेहरा मात्र टवटवीत, डोळे तुमच्या मागे फिरणारे, हे चित्र दिसले तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा. जे मूल आधी करत होते ते आता करत नाही, तर ते सर्वांत गंभीर. पूर्वी पाय लुळा दिसला की लोकांच्या डोक्यात पोलिओ यायचा. पोलिओ तापानंतर एकदम येतो आणि बहुधा एक पाय धरतो. एसएमएमध्ये दोन्ही पाय सारखे दुबळे होतात, मांड्या जास्त, पंजे कमी, आणि तेही हळूहळू. अंगणवाडीत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही मूल दाखवता येईल.

माझ्या गावोगावच्या व्यवसायबंधूंना फक्त एवढेच म्हणतो, की हातोडी खणातून बाहेर काढून टेबलावर ठेवा. मी ठेवली आहे.

हा आजार घेऊन जगायचे कसे, ते मी पुस्तकांपेक्षा या घरातच जास्त शिकलो. साधी सर्दी या मुलाला आडवी करते, कारण खोकून कफ बाहेर टाकण्याची ताकद नाही. म्हणून त्याची आई पहिल्या शिंकेपासून सावध असते. पाठ थोपटून, कूस बदलून कफ सैल करायला ती शिकली आहे, आणि माझ्या मते तालुक्यात तिच्यासारखे ते कोणाला जमत नाही. फ्लूची लस दरवर्षी दिली जाते. न्यूमोनियाची लस आता लहान मुलांच्या सरकारी लसीकरणातही आहे, या मुलांना ती चुकवू नये. उपास अजिबात नाही. स्नायू थोडे असले की शरीरात साठाही थोडा राहतो, फार वेळ उपाशी राहिल्यास अशी मुले एकाएकी खालावतात. एकदा नवसाच्या उपासानंतर त्याला रात्री सलाईन लावायची वेळ आली, तेव्हापासून त्याचा उपास आजी धरते. पण वजनही वाढू द्यायचे नाही, कारण त्याला उचलावे लागते आणि आईची कंबर आधीच गेली आहे.

कणा वाकू लागला तो आठव्या-नवव्या वर्षी. दुसऱ्या प्रकारात तो बहुतेकांचा वाकतो. पट्टा दिला, पण पट्टा वाकणे थांबवत नाही, बसायला आधार देतो. मुंबईत शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला होता. भूल आणि श्वास यांची जोखीम ऐकून घरच्यांनी नाही म्हटले, आणि मीही जोर धरला नाही. आज वाटते, धरायला हवा होता. आता तो एका बाजूला झुकून बसतो आणि एका फुप्फुसाला जागा अपुरी पडते.

शाळेचे विचाराल, तर एका शाळेने वर्ग माडीवर आहे म्हणून प्रवेश नाकारला. दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी एक शब्द न बोलता वर्ग खाली आणला. दहा वर्षे वडिलांनी सायकलवर, मग मोटारसायकलवर पुढे बसवून त्याला शाळेत नेले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सहा ते अठरा वयाच्या अशा मुलांना जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. पण तो कायदा आला तेव्हा हा मुलगा आठवीत होता. आज तो बी.कॉम. झाला आहे. ऊस आणि पपईच्या पैशांचा, मजुरीचा, सोसायटीच्या कर्जाचा सगळा हिशोब तोच मोबाईलवर ठेवतो. उजव्या हाताची तीन बोटे नीट चालतात. गेल्या दोन वर्षांत चौथे बोट गेले.

तर आता तो हिशोब.

रिसडिप्लाम हे तोंडाने रोज घ्यायचे औषध आहे. ते राखीव जनुकाला जास्त काम करायला लावते. मूळ कंपनी रोश. तिची बाटली आपल्याकडे सुमारे सहा लाखांना होती. हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध बनवले, रोशने पेटंटसाठी न्यायालयात धाव घेतली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला, ऑक्टोबरमध्ये खंडपीठानेही तोच निर्णय कायम ठेवला आणि सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. नॅटकोने बाटलीची छापील किंमत १५,९०० रुपये जाहीर केली.

वीस किलोवरच्या रुग्णाला रोज ५ मिलिग्रॅम लागते. बाटलीत ६० मिलिग्रॅम असते. म्हणजे बारा दिवसांना एक बाटली, वर्षाला तीस-एकतीस. जुन्या भावाने वर्षाला पावणेदोन-दोन कोटी. नव्या भावाने पावणेपाच-पाच लाख. मी आकडे प्रिस्क्रिप्शनच्या पाठीमागे लिहिले. त्यांनी ते दोनदा वाचले. पाच एकर जमीन आहे त्यांची, त्यातही सोसायटीचे कर्ज.

"आधी विचारच करता येत नव्हता," ते म्हणाले. "आता रात्री झोप येत नाही."

दुर्मिळ आजारांसाठी केंद्राचे २०२१ चे धोरण आहे. त्यात ठरावीक केंद्रांतून रुग्णामागे पन्नास लाखांपर्यंत मदत देण्याची तरतूद २०२२ साली झाली. अशा केंद्रांपैकी एक मुंबईचे के.ई.एम. रुग्णालय. जुन्या भावाने हे पन्नास लाख चार महिनेही पुरत नव्हते. पुढे काय, हा प्रश्न पालकांसमोर असायचा. नव्या भावाने तेच पैसे दहा वर्षे जातील. माझे म्हणणे असे, की आता ही गोष्ट धर्मादायाची राहिलेली नाही, खरेदीची झाली आहे. हिमोफिलियाचे फॅक्टर इंजेक्शन राज्यातील सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते, त्याही आजाराचे रुग्ण थोडे आणि औषध महाग. मग राज्य सरकारने हे औषधही घाऊक घेऊन जिल्हा रुग्णालयातून द्यायला काय हरकत आहे? बाटलीसाठी बारा-बारा दिवसांनी नंदुरबारहून मुंबईला कोण जाणार? आमदार-खासदारांना विचारण्याजोगे काम आहे हे, आणि फार मोठ्या रकमेचेही नाही.

औषधाने मुलगा चालू लागणार नाही, हे मी त्यांना आणि त्याला स्वतःला स्पष्ट सांगितले. बावीस वर्षांत ज्या पेशी गेल्या त्या गेल्या. तो हसला. म्हणाला, "डॉक्टरकाका, चालायचं कोणाला आहे, मला तीन बोटं टिकवायची आहेत." के.ई.एम.साठीचे कागद आम्ही तयार केले. दिव्यांग ओळखपत्र, जुने रिपोर्ट, जनुकाची तपासणी, सगळे त्याच्याच मोबाईलमध्ये क्रमाने लावलेले निघाले.

निघताना त्याच्या बहिणीने मला बाजूला थांबवले. आईला माझ्या त्या नऊ महिन्यांत दिवस गेले होते, ती ही मुलगी. निरोगी जन्मली. मी त्याचे श्रेय घेऊ शकत नाही. आता वीस वर्षांची आहे, नर्सिंग शिकते, आणि घरी पाहुणे येऊ लागले आहेत. तिने विचारले, "काका, मी वाहक असेन का? आणि असले तर मुलाकडच्यांना सांगायचं का?"

तिची वाहक असण्याची शक्यता तीनात दोन आहे. रक्ताच्या तपासणीत ते कळते. नंदुरबारहून नमुना पाठवता येतो, काही हजारांचा खर्च आहे. वाहक निघाली तरी तिच्या तब्येतीला काडीचा धोका नाही. प्रश्न एवढाच, की होणारा नवराही वाहक आहे का. दोघेही असले तरी लग्न अडत नाही. दिवस गेल्यावर अकराव्या-बाराव्या आठवड्यापासून गर्भाची तपासणी करता येते. इथे लोकांचा गोंधळ होतो. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती मुलगा की मुलगी हे सांगण्याला. आनुवंशिक आजारासाठी मान्यताप्राप्त केंद्रात केलेली तपासणी कायदेशीरच आहे.

सांगायचे का, याचे उत्तर मात्र मी लगेच दिले नाही. सांगितले तर स्थळ मोडेल, हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. आमच्याच भागात भाऊ आजारी म्हणून चांगल्या मुलींची लग्ने अडलेली मी पाहिली आहेत. शेवटी म्हणालो, आधी तपासणी करून घे, आणि मग सांग. ज्या घरी हे ऐकून मुलाचे रक्त तपासायला तयार होतील, ते घर तुला चालेल.

तिचा नमुना परवा पाठवला. अहवाल यायचा आहे.